रस्त्याला सासऱ्यांचं नाव

(बॅलार्ड इस्टेट, सकाळ. कॅमेरा पाटीवरून इमारतीकडे.)

नरोत्तम मोरारजी मार्ग. आणि ही इमारत, सिंदिया हाउस.

आता इथं प्राप्तिकर खात्याच्या कचेऱ्या आहेत. त्यामुळे आत शिरणारा माणूस फाइल छातीशी धरून, जरा दबकतच शिरतो. पण एके काळी या इमारतीतून आगबोटी चालायच्या. कुठली बोट कोलकात्याला लागली, कुठली अमेरिकेला निघाली, कुणाचा माल अजून धक्क्यावरच पडून आहे, याचा हिशेब इथं व्हायचा. आणि या कारभाराच्या मुख्य खुर्चीत एक बाई बसायच्या. सुमतीबेन मोरारजी.

सिंदिया म्हणजे कोण, तर आपले शिंदेच. ग्वाल्हेरचे. कंपनी त्यांची नव्हती, बोट मात्र त्यांची होती.

(जुना फोटो: पांढरी आगबोट.)

हीच ती. दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बघा, चोचीसारखी पुढे निघालेली. आगबोट असूनही शिडाच्या जहाजाचा तोरा तिनं सोडलेला नाही. तिचं मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. १८९१पासून ती व्हँकुव्हर, जपान, हाँगकाँग अशा फेऱ्या मारायची. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली, जखमी सैनिकांसाठी तिचं तरंगतं इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. म्हणजे राजनिष्ठा!

युद्ध संपलं आणि ही राजनिष्ठा विकायला निघाली. घेणारे होते सोलापूरचे वालचंद हिराचंद, मुंबईचे नरोत्तम मोरारजी, आणि त्यांच्याबरोबर किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास. नवी कंपनी उभी राहिली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन.

(कॅलेंडरचं पान. मग समुद्र.)

५ एप्रिल १९१९. लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलेट कायद्याविरुद्ध मुंबईत हरताळ होता. शहर काय हवेत होतं, त्याचा अंदाज यावरून करा. आज ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे, तो या फेरीमुळे.

बोट सोडणं सोपं, ती चालवणं कठीण. समोर होत्या बलाढ्य ब्रिटिश कंपन्या आणि त्यांचे सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप. त्यांची रीत साधी होती. नवा गडी दिसला की मालाचं भाडं पाडायचं, इतकं पाडायचं की त्याला कोळशाचाही खर्च निघू नये. तो बुडाला की भाडं पुन्हा चढवायचं. सिंदिया बुडाली नाही. इंचकेप साहेबांनी ती विकत मागितली, तीही मिळाली नाही. शेवटी १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला. सिंदियानं किनाऱ्या-किनाऱ्यानं धंदा करावा, परदेशाच्या वाटेला जाऊ नये. म्हणजे समुद्र आपला आणि वेस त्यांनी आखलेली. त्याच वर्षी म्हाताऱ्या लॉयल्टीला मुंबईतच भंगारात काढलं.

(कुटुंबाचा फोटो. हळूहळू एका चेहऱ्यावर स्थिर.)

या घरात नरोत्तमशेठांच्या एकुलत्या एका मुलाची, शांतिकुमारांची, बायको म्हणून एक लहान मुलगी आली. माहेरचं नाव जमुना. सासरी सुमती झालं. नाव बदलण्यात नवल काहीच नाही, आपल्या आज्यांचीही बदलली. नवल पुढे आहे. सून विशीत असतानाच तिला कंपनीच्या मॅनेजिंग एजन्सीत घेतलं.

मॅनेजिंग एजन्सी हे प्रकरण आज कुणाला कळायचं नाही. त्या काळी भागधारक पैसा घालत, संचालक मंडळ सभा घेई, पण रोजचा कारभार मेहनतान्यावर चालवायची ती एजन्सीची पेढी. बहुधा एकाच घराण्याची. तिथं बसणं म्हणजे नुसतं नाव लावणं नव्हे. बोट बंदरात लागली की घड्याळ सुरू होतं. धक्क्याचं भाडं, खलाशांचा पगार, कोळसा, पाणी. माल उतरायला एक दिवस जास्त लागला की फेरीचा नफा गेला. भाडं ठरवायचं तर पुढच्या बंदरात परतीचा माल मिळेल की बोट रिकामी यावी लागेल, याचा अंदाज हवा. शाळेत कुणी शिकवत नाही हे.

१९२९मध्ये नरोत्तमशेठ मोटार अपघातात गेले. कंपनीची धुरा वालचंदांनी वाहिली. आणि १९४६पर्यंत सुमतीबेनच्या हाताखाली सहा हजारांवर माणसं काम करत होती. हे पुन्हा सांगते. १९४६. सहा हजार. धंदा दर्याचा.

(जुहूचा किनारा, संध्याकाळ.)

१९४४च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटलेले गांधीजी विश्रांतीला इथंच, जुहूला, मोरारजींच्या बंगल्यात उतरले होते. सुमतीबेनचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. बेचाळीसनंतरच्या भूमिगत चळवळीलाही त्यांचा हात लागला होता.

(गोदी. क्रेन. नांगराची साखळी वर येते.)

१९५६. इंडियन नॅशनल स्टीमशिप ओनर्स असोसिएशन, म्हणजे देशातल्या जहाजमालकांची संघटना. अध्यक्षपदी पहिल्यांदाच बाई. पुढच्या दोन वर्षीही त्याच, आणि १९६५ला पुन्हा त्याच. कंपनीच्या ताफ्यात तेव्हा ४३ जहाजं, साडेपाच लाख टनांची.

त्यातलंच एक 'जलदूत'. मालवाहू. १३ ऑगस्ट १९६५ला ते कोलकात्याहून निघालं तेव्हा मालाबरोबर एक वृद्ध संन्यासी होते, भक्तिवेदांत स्वामी. वय सत्तरीला टेकलेलं. या वयात समुद्र कशाला, असं सुमतीबेनना वाटत होतं. तरी फुकट तिकीट त्यांनीच दिलं. वाटेत स्वामींना हृदयविकाराचे झटके आले, पण ते अमेरिकेत पोचले. स्वामींनी तिथं काढलेल्या इस्कॉनची सुरुवात या बोटीवरून झाली म्हणतात, ते काही खोटं नाही.

१९७१ला पद्मविभूषण.

मग कंटेनर आले, जगभर मालभाडी कोसळली, कर्ज चढत गेलं आणि १९८७मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. सुमतीबेन १९९८मध्ये गेल्या.

(पुन्हा बॅलार्ड इस्टेट. दिवे लागलेत. पाटी.)

रस्त्याला सासऱ्यांचं नाव. इमारतीला ग्वाल्हेरचं. जहाजधंद्याचं शिक्षण देणाऱ्या ज्या संस्थेच्या त्या अध्यक्ष होत्या, तिचं नाव नरोत्तम मोरारजी इन्स्टिट्यूट ऑफ शिपिंग.

(गोदीतून भोंगा. काळा पडदा.)