पाव इंच माया

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात शिवणकामाची आवड असणाऱ्या महिलांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

पेपर पीसिंगचा, म्हणजे कागदाच्या आधारानं कापडाचे तुकडे जोडून केलेला, हा हिरवा-पांढरा चौकोन आधी सगळ्यांच्या हातांतून फिरू दे. उलटा करूनही बघा, मागे कागद अजून तसाच आहे. सहा इंचांचा तुकडा आहे आणि मला तो करायला साडेचार तास लागले. त्यातले निम्मे उसवण्यात गेले. मुद्दामच आणलाय. सुबक नमुने काय, तुम्ही मोबाईलवर रोज बघताच.

माझ्या आजीच्या गोधडीला माप नव्हतं. जुनं नऊवारी अंथरायचं, वर धोतरांचे, परकरांचे तुकडे, आणि धावदोरा घालत बसायचं. तुकडा कमी पडला की ठिगळ. नजर हीच पट्टी. त्या हाताखाली मी शिकले, आणि पेपर पीसिंगमध्ये आपटले ती त्याचमुळे. इथे नजरेला कामच नाही. माप सगळं कागदाकडे असतं.

या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात, तेवढं आधी मोकळं करते. एक हातानं करायची. कागदाचे षटकोन कापायचे, त्यांवर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा आणि मग कडेला कड बारीक टाक्यांनी जोडायची. ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१८ सालची रेशमी तुकड्यांची एक चादर आहे, कागदावर बेतलेली, वर साल शिवलेलं. म्हणजे पहिला बाजीराव पेशवा झाला त्याच्या दोन वर्षं आधीची. त्या काळी कागद महाग, म्हणून जुनी पत्रं, हिशेबाचे कागद कापून वापरत. अर्धवट राहिलेल्या जुन्या कामांच्या पाठीमागे ते कागद तसेच सापडतात. हे काम लेडीज डब्यात बसूनही होतं. मटार सोलण्यापेक्षा कचरा कमी.

दुसरी मशीनवरची. आज ती.

पातळ कागदावर नमुना छापलेला असतो, प्रत्येक घराला आकडा. रेघा आपल्याकडे, कापड कागदाच्या मागे. पहिला तुकडा कागदाला उलटी बाजू लावून ठेवायचा, सुलट बाजू बाहेर. दुसरा त्याच्यावर, सुलटीला सुलट लावून. मग सगळं उलटं करून, कागदाच्या बाजूनं, एक आणि दोनच्या मधल्या रेघेवर टीप मारायची. रेघेच्या दोन-तीन टाके आधी सुरू करा, दोन-तीन टाके पुढे जा. नंतर कागद त्या रेघेवर मागे दुमडा, पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, ठेवून जादा कापड कापा, दुसरा तुकडा उघडा, इस्त्री. मग तीन. आकड्यांचा क्रम मोडायचा नाही.

ऐकायला सोपं आहे. बसल्यावर डोकं फिरतं, कारण कापड आपल्याला दिसत नाही. तुकडा ठेवतो एका बाजूला आणि उघडतो दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी मी तिसरा तुकडा पाच वेळा लावला. प्रत्येक वेळी उघडला की कोपरा उघडा! मग खिडकीच्या काचेला कागद लावून बघितलं तेव्हा कळलं. म्हणून टीप मारायच्या आधी रेघेवर टाचण्या लावा आणि तुकडा उघडून उजेडात धरा. घर चारी बाजूंनी पाव इंच जास्त झाकलं गेलं तरच मशीनखाली.

आणि आता जिथे मी खरी अडकले होते ते. तुकडे मी बेताचे कापत होते. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय ना, कापड वाया घालवू नको, कातरणसुद्धा ठेव. त्रिकोणी घराला मी त्रिकोणी तुकडा कापायचे, अगदी घासून. तिरका तुकडा उघडताना फिरतो, हे लक्षातच यायचं नाही. इथे हात सैल सोडावा लागतो. घराच्या चारी बाजूंना निदान अर्धा इंच जास्त, आणि नवशिक्यांनी पाऊण. त्रिकोणाला सरळ चौकोनी तुकडाच घ्या. टीप मारल्यावर काय कापायचं ते कापा, त्याच्या आधी चिक्कूपणा नको. आजीला हे पटलं नसतं. पण माझ्या उसवलेल्या तुकड्यांची चिंधी आणि ही सैल कापलेली चिंधी एका पिशवीत घालून बघितली, तर उसवलेलीच जास्त भरली.

मशीनचा टाका बारीक ठेवा, दीड मिलिमीटरच्या आसपास. सुई चौदा नंबरची. या जाड सुईनं कागदाला मोठी भोकं पडतात, म्हणून शेवटी कागद काढताना तो टराटरा फाटतो. उसवायची वेळ आली की हाच बारीक टाका जीव खातो, ते खरं. इस्त्री कोरडी. वाफेनं कागद आक्रसतो, आणि छपाईची शाई कापडाला लागू शकते. पावसाळ्यात कागद सर्दावतो, तेव्हा कागदावर आधी एकदा इस्त्री फिरवा. कापड सुती, पॉपलीनसारखं. जुन्या सिंथेटिक साड्या नकोत, त्या कागदावर घसरतात.

झेरॉक्स काढताना एक करा. नमुन्यावर एक इंचाचा चौकोन छापलेला असतो, तो पट्टीनं मोजा. माझ्या पहिल्या सहा प्रती दुकानातून पानात बसवून छापून आल्या. इंचाला अर्धा सूत कमी, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा इंचांच्या चौकोनाला तीन सूत! शेजारच्या तुकड्याला तो जुळेचना आणि मी दिवसभर स्वतःच्या शिलाईला शिव्या देत होते.

कागदावरचं चित्र कापडावर आरशातल्यासारखं उलटं येतं. नातीसाठी मी ‘न’ केला, तर काना डावीकडे. फुली, चांदणी यांना फरक पडत नाही, अक्षरांना पडतो. नमुना आधीच उलटा छापून घ्या.

तिघीजणींनी मघाशी सांगितलं, खाडीतला फ्लेमिंगो करायचाय. पाय सुंदर होतील. इतकी बारीक सरळ पट्टी एरवी हातानं जमत नाही, कागदावर जमते. मानेचं मात्र अवघड आहे, कारण इथे फक्त सरळ रेघ चालते. मान चार-पाच तिरक्या तुकड्यांत मोडावी लागेल, आणि पक्ष्याचे तीन-चार भाग वेगवेगळे शिवून नंतर जोडावे लागतील. पहिल्याच दिवशी नको.

आज चारच घरांचा चौकोन. मशीन तीनच आहेत, तेव्हा पाळीपाळीनं बसा. बाकीच्यांनी तोवर तुकडे कापून ठेवा. इस्त्री त्या कोपऱ्यात आहे. वाफेचं बटण बंद आहे का, तेवढं कोणीतरी बघा.