गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना : कोण कोणासाठी ताटकळतंय?

मंडळी, सुरुवात एका आकड्यापासून करू. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ६.९. एवढ्या वेळात दोघं जण आपापलं काम उरकतात. शत्रू कुठं गेला, गोळी कुणाला लागली, भिंत पडली की नाही, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय रंगवायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगतो. कार्ड ते रंगवतं. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या चालीनं गेम चालतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. बसून राहणाऱ्यावर ओतलेले पैसे वाया. कमी बजेटमधली सगळी कसरत ही एवढ्याचसाठी.

हे एकदा पटलं की खरेदीचा क्रम उलटा होतो. बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर बसवतात. माझं म्हणणं, आधी मॉनिटर ठरवा. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके). १४४०पी म्हणजे जवळपास ३७ लाख. ४के म्हणजे ८३ लाख, १०८०पीच्या बरोब्बर चौपट. रिझोल्यूशन वाढलं की ओझं मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर येतं. प्रोसेसरला पिक्सेलांशी फारसं देणंघेणं नसतं. याउलट रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, हर्ट्झमध्ये) मोठा घेऊन तितक्या फ्रेम मागितल्या की प्रोसेसरचीही दमछाक होते. म्हणून १४४ हर्ट्झवर नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारा आणि देखणे, कथेचे गेम ४केवर निवांत खेळणारा, या दोघांच्या हातात एकच यादी देणं मला मान्य नाही. बजेट तंग असेल तर १०८०पी घ्या आणि तो वाद तिथेच मिटवा.

आता ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर सोडून जो खर्च आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत इथे जाऊ द्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फसगत इथेच होते, आणि ती खोक्यावरच्या नावामुळे होते. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे छोटं कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी अगदी त्याच नावाचं, पण डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट डेटा पुरवायची, दुसऱ्याची १७ सुद्धा नाही. नाव तेच! आरटीएक्स ३०६० चंही तसंच. १२ जीबीवाल्या कार्डाची मेमरी बस (मेमरी आणि चिप यांच्यातला डेटाचा रस्ता) १९२ बिटांची, ८ जीबीवाल्याची १२८ बिटांची. म्हणजे मेमरी कमी, आणि जी आहे तिचाही वेग कमी. तेव्हा नावाखालची बारीक अक्षरं वाचा : मेमरी किती, कोणत्या जातीची, बस किती बिटांची.

मेमरीचा एवढा बाऊ का? एएमडीचं रेडियन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बघा, जानेवारी २०२२ मधलं. मेमरी ४ जीबी, सेकंदाला १४४ गिगाबाइट देणारी. वाईट नाही. पण गेमचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) त्या चारात मावले नाहीत की उरलेले रॅममधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून, मदरबोर्डाच्या स्लॉटमार्गे आणावे लागतात. या कार्डाला पीसीआयईच्या, म्हणजे त्या स्लॉटच्या जोडणीच्या, फक्त ४ लेन (डेटाच्या वाटा) दिलेल्या आहेत. पीसीआयईच्या ४.० आवृत्तीच्या बोर्डावर त्यातून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट येतात, त्याआधीच्या ३.० च्या बोर्डावर ४. तेवढा वेळ कार्ड रिकामं बसतं. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरा दिसतो, पण गेममध्ये झटकन मागं वळून पाहिलं की चित्र अडखळतं. आणि गंमत अशी, की असं स्वस्त कार्ड घेणाऱ्याच्या घरी बोर्ड जुनाच असण्याची शक्यता जास्त. म्हणून बोर्ड ३.० चा असेल, तर कार्ड किती लेन वापरतं ते आधी पाहायचं. आज नवे गेम खेळायला कार्ड घेत असाल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका. १२ मिळत असतील आणि चिप थोडी हळू असेल, तरी मी १२ कडे झुकेन.

प्रोसेसरबाबत थोडक्यात. सहा कोर, म्हणजे आत स्वतंत्रपणे काम करणारे सहा भाग, पुरतात. इथेही नावावर जाऊ नका. एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि ५६००, दोन्ही सहा कोरांचे, नावात शंभराचा फरक. पण ५६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) ३२ एमबी, ५५०० मध्ये १६. कॅशेत सापडलं नाही की प्रोसेसरला रॅमकडे हात पसरावा लागतो आणि तो थांबतो. गेमना हे फार लवकर जाणवतं. शिवाय ५५०० पीसीआयई ३.० वरच अडतो. मघाचं ते ४ लेनचं कार्ड आठवा आणि ही जोडी जमवून बघा!

थांबण्याचंच आणखी एक कारण म्हणजे एकुलती रॅम. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ गिगाबाइट देते, दोन मिळून ५१.२. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते.

पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर करू नका. ८० प्लसचा बिल्ला ब्राँझ असो की गोल्ड, तो सांगतो फक्त किती वीज उष्णतेत वाया जाते ते. आतला माल आणि सुरक्षेची सोय यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड तासभर ताण देऊन तपासता येतं. जुन्या पॉवर सप्लायचं आयुष्य बाहेरून कळत नाही, म्हणून तो नवाच घ्यावा. आणि एका सप्लायच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबली दुसऱ्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि ड्राइव्ह जळतात.

एसएसडी हवीच, पण सगळ्यात वेगवानसाठी जीव टाकू नका. जुन्या साटा जोडणीची सेकंदाला ५५० एमबी आणि नव्या एनव्हीएमईची ३५०० एमबी, कागदावर सहापट फरक. बहुतेक गेम उघडताना तो काही सेकंदांवर येतो. कॅबिनेटला पुढे जाळी असावी. काच आणि रंगीत दिवे पैसे उरले तर.

सगळं जोडून झालं की तीन फुकटच्या गोष्टी पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नव्हे, ग्राफिक्स कार्डात आहे ना. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारा पर्याय, चालू केलं ना. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळते. आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वर राहिला नाही ना. १४४ चा मॉनिटर घेऊन ६० वर खेळणारे कमी नाहीत.

मघाशी कुणीतरी विचारलं, वर्षभरानं पुढचा भाग कोणता बदलायचा? गेम चालू असताना रिझोल्यूशन खाली आणा, किंवा डीएलएसएस, एफएसआर (कमी रिझोल्यूशनमध्ये रंगवून चित्र मोठं करणाऱ्या सोयी) लावा. फ्रेम झपाट्यानं वाढल्या तर अडचण कार्डाची. फ्रेम तेवढ्याच राहिल्या आणि कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर दिसत असेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहतंय. अशा वेळी नवं कार्ड आणलंत, तर तेही तसंच वाट पाहत बसेल.