बीळ नसलेला ससा

सुप्याचं माळरान, बारामती तालुका. मयूरेश्वर अभयारण्य. सकाळचे सात. या चौकटीत एक ससा आहे. शोधा.

(चार सेकंद फक्त वारा)

हिवराच्या डावीकडे, कुसळीच्या बुडाशी. कान पाठीला चिकटवलेले. मानेवरचा काळा पट्टा दिसला? हा काळ्या मानेचा ससा.

हा बिळात राहत नाही. ससा म्हटलं की बीळ, हे चित्रांच्या पुस्तकांनी आपल्या डोक्यात घातलंय. याचं घर म्हणजे गवत दाबून केलेली, अंगाच्या मापाची ही खळगी. अख्खा दिवस इथेच काढायचा. भित्र्याला आपण ‘सशाचं काळीज’ म्हणतो. कॅमेरा दोन पावलांवर आला, तरी हा बसून आहे. आणि मग...

(धाव, संथ गतीत)

पिल्लंही उघड्यावरच होतात. अंगावर लव, डोळे उघडे. आई दिवसभर त्यांच्याजवळ फिरकत नाही. तिच्या वासामागे कोल्हा यायला नको. अंधार पडला की येते, घाईघाईत पाजते, निघून जाते.

आता पुण्यातला हा फ्लॅट. हाही ससाच! मराठीत दोघांना शब्द एकच, घोळ तिथूनच सुरू होतो. हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं खणणारा. याची पिल्लं आंधळी, बिनकेसांची जन्मतात. माळावरच्या सशाची गुणसूत्रं ४८, याची ४४. सोफा कुरतडतो, त्यात खोडी कसली? दात जन्मभर वाढतात. ते झिजवायला वाळलेलं गवत सतत पुढ्यात हवं. ताटलीतलं गाजर ही त्याची मिठाई, जेवण नव्हे. आणि हे दृश्य आम्ही मुद्दाम ठेवलंय: तो स्वतःचीच मऊ लेंडी खातोय. पहिल्या फेरीत अंगी न लागलेलं दुसऱ्या फेरीत लागतं. नाक मुरडू नका, माळावरचाही हेच करतो.

ज्वारीची काढणी. ताटांच्या बुडाशी एक पिल्लू. ‘आईनं टाकलं’ म्हणून अशी पिल्लं पिशवीतून घरी नेतात, गाईचं दूध पाजतात. बहुतेक जगत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे.

या मावशींनी विळा थांबवला. तेवढी चार ताटं उभी सोडली.

संध्याकाळ.

(पिल्लू. ताटांची सळसळ.)