महासंघाची स्वायत्तता कोणासाठी?

मित्रहो, २ सप्टेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. कल्याण चौबे यांना ३३ मतं मिळाली, बायचुंग भुतिया यांना एक. चौबे स्वतः गोलरक्षक होते, निवडणूकही नियमांप्रमाणे झाली, त्यामुळे निकालावर माझा आक्षेप नाही. पण वर्षानुवर्षं देशाचं कर्णधारपद सांभाळलेल्या माणसाला एकच मत का पडतं, हे समजलं की सरकार आणि फुटबॉल महासंघ यांच्यातल्या भांडणाचं मूळही सापडतं. मतदार होते राज्य संघटनांचे प्रतिनिधी. खेळाडूंना खेळाडू म्हणून मतच नव्हतं.

खेळाडूंना मताचा हक्क देण्याचा प्रयत्न झाला होता, आणि तो कसा फसला ते ऐकण्यासारखं आहे. प्रफुल्ल पटेल यांची अध्यक्ष म्हणून तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. क्रीडा संघटनांसाठी सरकारने केलेल्या क्रीडा संहितेनुसार त्यांना पुन्हा उभं राहता येत नव्हतं. निवडणूक मात्र लांबली. महासंघाच्या घटनेचा, म्हणजे मूळ नियमावलीचा, वाद सर्वोच्च न्यायालयात पडून होता, त्याकडे बोट दाखवून जुनीच कार्यकारिणी पदावर राहिली. अखेर १८ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती बाजूला केली आणि तिघांची प्रशासक समिती नेमली: निवृत्त न्यायमूर्ती ए. आर. दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी कर्णधार भास्कर गांगुली. ऑगस्टमध्ये असं ठरलं की मतदारयादीत राज्य संघटनांचे ३६ प्रतिनिधी असतील आणि त्यांच्याच बरोबरीने ३६ नामवंत माजी खेळाडू, २४ पुरुष आणि १२ महिला.

जागतिक फुटबॉल चालवणाऱ्या फिफाला हे मान्य नव्हतं. सदस्यत्व संघटनांचं असतं, निम्मी मतं व्यक्तींना देता येणार नाहीत, अशी तिची भूमिका होती. फार तर कार्यकारिणीत एक चतुर्थांश जागा खेळाडूंना द्या. ऑगस्टच्या मध्याला ‘त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप’ असं कारण देऊन भारताला निलंबित करण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे होणारा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जाण्याची वेळ आली. मग केंद्र सरकारनेच न्यायालयाला विनंती केली, २२ ऑगस्टला प्रशासक समिती बरखास्त झाली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं. विश्वचषक वाचला. मतदारयादीतले ३६ खेळाडू गेले.

याच दिवसांत गोकुलम केरळ या क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना मैदानात उतरू दिलं नाही. निवडणूक कोणी रखडवली, घटना कोणी लिहिली, न्यायालयात कोण गेलं, यातल्या कशाशीही त्यांचा संबंध नव्हता. निलंबन उठलं तोवर त्यांची स्पर्धा हुकली होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचा येतो.

आता फिफाची बाजू. सदस्य संघटनांनी आपला कारभार बाहेरच्या दबावाशिवाय चालवावा, असं तिच्या घटनेची १४ आणि १९ ही कलमं सांगतात. त्यात एक जबर तरतूद आहे: हस्तक्षेप झाला आणि त्यात संघटनेचा स्वतःचा काही दोष नसला, तरीही तिला शिक्षा होऊ शकते. कठोर आहे, पण हा नियम उगाच आलेला नाही. २०१० च्या विश्वचषकात नायजेरिया पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी संघाला दोन वर्षं आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून काढून घेण्याचं जाहीर केलं. फिफाने निलंबनाची तंबी दिल्यावर काही दिवसांत निर्णय फिरला. तो नियम नसता, तर एका पराभवाच्या रागापायी एका पिढीची दोन वर्षं गेली असती. राज्यकर्त्यांना लोकप्रिय खेळाचा मोह असतोच. आज संघ मागे घेतील, उद्या संघ निवडतील.

पण झिम्बाब्वेचं काय? तिथल्या क्रीडा आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये महासंघाची कार्यकारिणी निलंबित केली. कारणांमध्ये पैशांचा गैरव्यवहार होता आणि महिला पंचांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीही होत्या. त्याच महिन्यात केनियाच्या क्रीडामंत्र्यांनी भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून तिथला महासंघ बरखास्त केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फिफाने दोन्ही देश निलंबित केले. केनिया त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला, झिम्बाब्वेला २०२३ च्या जुलैपर्यंत थांबावं लागलं. पदाधिकारी एका देशात मोजके असतात, खेळणारे हजारो. शिक्षा मात्र सगळ्यांना.

ती सगळ्या देशांना सारखी मिळते का? ग्रीसला मिळाली होती. युरोपचा विजेता असतानाच जुलै २००६ मध्ये तो निलंबित झाला, सरकारने कायदा बदलला आणि काही दिवसांत सुटकाही झाली. स्पेनच्या सरकारने मात्र एप्रिल २०२४ मध्ये महासंघावर देखरेखीसाठी समिती आणली आणि तिच्या प्रमुखपदी विश्वविजेते प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांना बसवलं. फिफा आणि युरोपची फुटबॉल संघटना युएफा यांनी चिंता व्यक्त केली, निलंबन केलं नाही. झिम्बाब्वेच्या खेळाडूने हा फरक कसा समजून घ्यावा?

आणि एक लक्षात ठेवा. २७ मे २०१५ रोजी झुरिकच्या हॉटेलातून फिफाच्या बड्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली, ती स्विस पोलिसांनी केली आणि तपास होता अमेरिकेच्या सरकारचा. जागतिक फुटबॉलची सफाई सुरू झाली ती दोन देशांच्या कायद्यामुळे. हा इतिहास असलेल्या संस्थेने ‘कायदा बाहेर ठेवा’ असं सरसकट म्हणू नये.

माझ्या मते गुन्ह्याचा तपास, सरकारी पैशाचा हिशेब आणि मुदतीत निवडणूक, या तीन गोष्टी मागण्याचा सरकारला पूर्ण हक्क आहे. अध्यक्ष कोण, प्रशिक्षक कोण, संघात कोण, यात त्याने पडू नये. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आता या कसोटीवर बघायचा आहे. त्यानुसार कार्यकारिणीत उत्तम कामगिरी केलेले किमान दोन खेळाडू आणि किमान चार महिला असाव्या लागतात, ही सुधारणा मी मनापासून मानतो. वादांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, तेही चांगलं. पण संघटनांची मान्यता काढून घेण्याचा अधिकार ज्या राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडे आहे, त्याच्या नेमणुका केंद्र सरकार करणार आहे. तिथे कोण बसतं आणि मान्यता काढताना कारणं लेखी, जाहीरपणे देतं का, यावर आपली नजर हवी. खेळाडूंना बरोबरीची मतं देण्याचा प्रश्न तर या कायद्यानंतरही तसाच उरतो. दोन जागा मिळाल्या आहेत, ३६ मतं अजून मिळालेली नाहीत.