तीन पानांची वेल आणि पहिला अर्धा तास

मंडळी, उन्हाळा लागला की न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडची आपली कुटुंबं ट्रेलवर निघतात, घरामागचं रान काढायला घेतात. तिथे पॉयझन आयव्ही नावाची रानवेल अंगाला घासली, की दोन दिवसांनी हातापायांवर लाल रेघा उठतात, त्यावर पाण्याने भरलेले फोड येतात आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही अशी खाज सुटते. मग घरात हळद, कोरफड, खोबरेल, कडुनिंब, जे हाताशी असेल ते लावणं सुरू होतं. या घरगुती उपायांबद्दलच आज बोलायचं आहे. पण पॉयझन आयव्हीवरचं सगळं खरं काम पहिल्या अर्ध्या तासात, साबण-पाण्याने होतं. पुरळ उठल्यावर आपण जे लावतो त्याने खाज सुसह्य होते, पुरळ काही लवकर मावळत नाही.

ही वेल आपल्याला वाटते तितकी परकी नाही. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातली झाडं. गावाकडे 'बिब्बा उतला' म्हणतात, तोच हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, कमरेवर असं पुरळ उठायचं, कारण धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करत. आयव्हीच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं. जपानी लाखेला उरुशी म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. बिब्ब्यातलं द्रव्य याच जातीचं आहे. म्हणून लहानपणी ज्यांच्या अंगावर बिब्बा उतलाय, किंवा आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ उठतात, त्यांनी इथे आल्यावर पहिल्यापासूनच जपावं. उलटंही खरं आहे. आयव्हीचा त्रास झालेल्यांनी आंबा सालीसकट चोखू नये. साल दुसऱ्याकडून काढून घ्यावी, गर सहसा बाधत नाही.

ओळख कशी पटवायची? 'तीन पानं' एवढ्यावर फसायला होतं, कारण तीन पानांची झाडं पुष्कळ. देठ नीट बघा. मधल्या पानाला स्वतःचा लांब देठ असतो, बाजूची दोन जवळजवळ देठाविनाच चिकटलेली असतात. अशा तीन पानांचे झुबके फांदीवर एक डावीकडे, एक उजवीकडे, आळीपाळीने येतात. समोरासमोर आले असतील तर ते बहुधा बॉक्स एल्डरचं रोपटं. पाच पानांची असेल तर व्हर्जिनिया क्रीपर. आयव्हीची कोवळी पानं लालसर आणि चकचकीत असतात, शरदात ती पुन्हा लाल-केशरी होतात, आणि नेमकी तेव्हाच मुलं ती गोळा करतात. झाडावर चढलेल्या जुन्या वेलीला सुतळीच्या रेशांसारखी दाट मुळं असतात. हिवाळ्यात पानं झडलेली असतात, तरी त्या केसाळ वेलीत तेल असतंच. म्हणून जळणाची लाकडं उचलताना अशी वेल गुंडाळलेली दिसली तर ते लाकूड तिथेच सोडा. ही वेल कधीही जाळायची नाही. धुरातून तेल घशात, फुप्फुसात जातं आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

आता धुण्याकडे वळू. चुका होतात त्या इथेच.

गाडीच्या चाकाचं काळं वंगण हाताला लागलं तर आपण नुसतं पाणी ओतून थांबत नाही. फेस करतो, घासतो, पुन्हा बघतो, राहिलं तर परत घासतो. उरुशिऑल तसंच चिवट तेल आहे, फक्त दिसत नाही. न दिसल्यामुळे आपण एकदा फेस करून सोडून देतो आणि तेल पातळ थराने आणखी पसरतं. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर साधारण निम्मं निघतं. अर्ध्या तासानंतर धुतलं तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून घरी पोचायची वाट बघू नका. ट्रेलच्या पिशवीत भांड्यांच्या साबणाची छोटी बाटली, जुन्या टॉवेलचे दोन-तीन तुकडे आणि एक लिटर जास्तीचं पाणी ठेवा.

पाणी गार किंवा कोमट घ्यावं. ओल्या कापडावर भांड्यांचा साबण घेऊन लागलेला भाग एकाच दिशेने, वरून खाली, पुसत न्यावा. मागेपुढे चोळलं तर तेल परत वर येतं. भरपूर पाण्याने धुवायचं, कापडाची दुसरी बाजू घ्यायची, पुन्हा साबण. असं तीनदा. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटावर घड्याळाखालची जागा, चष्म्याच्या दांड्या हमखास राहून जातात. तेल निघेपर्यंत टबात बसून आंघोळ मात्र नको, तेल पाण्यावर तरंगून सगळ्या अंगाला लागेल.

महागडं खास औषध आणायला हवं का? 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत आयव्हीसाठी विकलं जाणारं द्रावण, मेकॅनिक वापरतात ती हात धुण्याची पेस्ट आणि साधा भांड्यांचा साबण अशी तिन्ही ताडून पाहिली. संरक्षण 70, 62 आणि 56 टक्क्यांच्या आसपास होतं आणि हा फरक ठोस म्हणावा एवढा नव्हता. किमतीत मात्र पुष्कळ फरक होता.

इथले लोक ज्वेलवीडचं नाव घेतात. ओढ्याकाठी उगवणारं, केशरी फुलांचं हे झाड म्हणजे आपल्या तेरड्याचा सख्खा भाऊ, गौरीत पुजतो त्या तेरड्याचा. त्याचा पाला-देठ ठेचून लगेच चोळला तर थोडा उपयोग होतो असं प्रयोगात दिसलंय, पण साबण त्याहून सरस ठरला. त्याचे अर्क, मलमं यांचा भरवसा नाही. रानात पाणीच नसेल तेव्हा ठेचा चोळा आणि पाणी मिळताच साबणाने धुवा.

खोबरेलाचं काय? बिब्ब्यावर खोबरं, तूप लावायची आपल्याकडची चाल म्हणून इथेही पहिला हात बाटलीकडे जातो. तेलात तेल विरघळतं, म्हणजे उरुशिऑल त्वचेवरून सुटतं खरं, पण पुसून साबणाने काढलं नाही तर दुप्पट जागेवर पसरतं. न धुता खोबरेल चोळू नका. लिंबू तर अजिबात नको, ते लावून उन्हात गेलात तर वेगळेच डाग पडतात.

कपडे वेगळे, गरम पाण्यात, भरपूर डिटर्जंट घालून धुवा. बुटांच्या नाड्या, कुऱ्हाडीचा दांडा, कुत्र्याचा पट्टा यांवर तेल महिनोन्‌महिने टिकतं. अवजारं रबिंग अल्कोहोलने पुसा. कुत्र्याला स्वतःला सहसा काही होत नाही, पण त्याच्या केसांवरचं तेल मुलांच्या गालाला लागतं. स्वतः हातमोजे घालूनच त्याला आंघोळ घाला. हातमोजे जाड व्हिनाइलचे हवेत, पातळ लॅटेक्समधून उरुशिऑल आरपार जातं.

एवढं करूनही पुरळ उठलं, तर? पूर्वी कधी लागलेलं असेल तर ते सहसा 12 ते 48 तासांत दिसतं. पहिलीच वेळ असेल तर आठवडा-दोन आठवडेही लागतात. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही आणि दुसऱ्याला लागत नाही. तळव्याची कातडी जाड, पोटाची पातळ, म्हणून ते वेगवेगळ्या दिवशी उठतं आणि पसरतंय असं वाटतं. नवनवे चट्टे येतच राहिले तर न धुतलेला बूट किंवा अवजार शोधा.

खाजेसाठी गार पाण्याची पट्टी 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ओट्सची आंघोळ चांगली. साधे, साखर नसलेले ओट्स कपभर घेऊन मिक्सरमध्ये अगदी बारीक दळा. चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधासारखं व्हायला हवं. पूड तळाशी बसली तर अजून दळा. कोमट पाण्याच्या टबात ती घालून 15 मिनिटं बसा, टब निसरडा होतो तेव्हा उठताना सांभाळून. बारीकशा चट्ट्यावर तीन चमचे खाण्याचा सोडा एक चमचा पाण्यात कालवून लावा. कॅलामाइन लोशन चालेल. कढत पाण्याने शेकल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण नंतर लाली वाढते. फोडलेल्या फोडांवर हळद लावू नका, तिचीही काहींना ॲलर्जी येते आणि पिवळ्या रंगाखाली पू होतोय की नाही ते दिसत नाही.

चेहरा, डोळे किंवा गुप्तांगावर उठलं, अंगाचा चौथा हिस्सा व्यापला, पू किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. धुरानंतर श्वास लागला तर थेट इमर्जन्सी. तोंडाने स्टिरॉइड दिलं, तर किती दिवसांचं आहे ते विचारा. सहा दिवसांच्या पाकिटाने पुरळ दबतं आणि गोळ्या संपताच पुन्हा उसळतं. डोस हळूहळू कमी करत साधारण दोन ते तीन आठवडे द्यावा लागतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडू नका.