कागद कोणाच्या टेबलावर गेला?

मघाशी ओळख करून देताना बाईंनी मला 'दप्तरखान्यातला माणूस' म्हटलं. ते खरं आहे, पण मी हे शिकलो ठेचा खाऊन. पहिल्यांदा एका विद्यापीठाचे जुने कागद बघायला रात्रीच्या गाडीनं गेलो. सकाळी दहाला दारात हजर. तिथले शिपाईमामा म्हणाले, "ते गठ्ठे गोदामात असतात, आणायला तीन दिवस लागतात. आधी कळवलं होतंत का?" कुठलं कळवलेलं! परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. मग कँटीनमध्ये मिसळ खाल्ली आणि आलो घरी. मिसळ बरी होती, एवढंच त्या दौऱ्याचं फलित.

आजचा विषय विद्यापीठाच्या अभिलेखागाराची, म्हणजे जुन्या कागदांच्या दप्तरखान्याची, भेट कशी आखायची, हा आहे. मी एकच उदाहरण घेतो. तुमच्यापैकी एकीनं गेल्या महिन्यात मला विचारलं, "सर, बाबासाहेबांच्या लंडनमधल्या शिक्षणावर काम करायचंय. तिथे गेल्यावर कुठे बघू?" तिच्याकडे लंडनचे आठच दिवस आहेत.

आपण अभिलेखागारात विषय घेऊन जातो, आणि तिथे विषय नसतात. पेशवे दप्तर पाहिलंय का कोणी? रुमालात बांधलेले कागद. घडणी, पागा, चिटणिशी, प्रांत अजमास अशी त्यांची मांडणी, म्हणजे ज्या कामातून कागद निघाला त्या कामाच्या नावानं. तिथे 'दुष्काळ' नावाचा रुमाल मागाल तर मिळायचा नाही. दुष्काळ असतो, पण तो प्रांताच्या हिशेबात, वसुलीची सूट म्हणून. विद्यापीठाचं दप्तरही तसंच. म्हणून निघण्याआधी विचारायचं ते हे की आपल्याला हवा तो कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि शेवटी कोणाच्या टेबलावर जाऊन पडला.

आता बाबासाहेबांकडे या. 1916 मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) नाव घातलं. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, 1917 मध्ये परतावं लागलं. 1920 मध्ये पुन्हा गेले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. आपण सरसकट म्हणतो, 'एलएसईची पदवी'. पण ती पदवी लंडन विद्यापीठाची. एलएसई हे त्या विद्यापीठातलं एक कॉलेज होतं. शिकवायचं कॉलेजनं, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. आपल्याकडे एल्फिन्स्टन आणि मुंबई विद्यापीठ यांचं होतं, तसंच. म्हणजे दप्तरं दोन झाली. प्रवेशअर्ज आणि कॉलेजचा पत्रव्यवहार पोर्तुगाल स्ट्रीटवर, एलएसईच्या ग्रंथालयात शोधायचा. पदवी, परीक्षा, प्रबंध यांची चौकशी मॅलेट स्ट्रीटवरच्या सीनेट हाउसमध्ये करायची. दोन्हींत पायी वीसेक मिनिटांचं अंतर. पण वेळा वेगळ्या, नोंदणी वेगळी, मागणीचिठ्ठी वेगळी. तेव्हा आठातले दिवस आधीच वाटून घ्या. आणि सीनेट हाउसच्या पायऱ्यांवर भारावून फोटो काढू नका. बाबासाहेब शिकत होते तेव्हा ती इमारत नव्हतीच, विद्यापीठाचं कार्यालय साउथ केन्सिंग्टनला होतं.

एलएसईच्या फायलीतलं एक पत्र मला फार आवडतं. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी बाबासाहेबांसाठी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांच्याकडे शब्द टाकला होता. 1920 च्या नोव्हेंबरात फॉक्सवेल कॉलेजच्या सचिव मिसेस मेअर यांना कळवतात की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच केली आहे, हे मी विसरलोच होतो, आणि इथे त्यांनी जिंकावं असं जग आता उरलेलं नाही. हे वाक्य तुम्ही भाषणांतून ऐकलं असेल. पण ते जिथे आहे तिथे बघा. तो गौरवग्रंथ नाही. एका विसराळू प्राध्यापकानं ऑफिसला केलेला खुलासा आहे. चिठ्ठी सचिवांच्या टेबलावर गेली, म्हणून फायलीला लागली, म्हणून उरली. फॉक्सवेल हेच जिन्यात तोंडी बोलले असते तर?

दुसरं पत्र याच्या उलट. 1922 च्या फेब्रुवारीत बाबासाहेब लंडनहून सेलिग्मनना लिहितात की 1917 मध्ये परतताना बोट पाणतीरानं (टॉर्पेडोनं) बुडाली आणि प्रबंधाचं हस्तलिखित गेलं, म्हणून नव्यानं लिहिला आहे. पत्र लिहिलं लंडनमध्ये, पण तुम्ही लंडन पालथं घातलंत तरी ते सापडणार नाही. ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, सेलिग्मन यांच्या कागदपत्रांत आहे. पत्र ज्याला आलं त्याच्या घरी शोधायचं असतं. आपल्या आजीच्या ट्रंकेत तिनं लिहिलेली पत्रं असतात का? तिला आलेली असतात.

बाकीचं भराभर सांगतो. दीड-दोन महिने आधी ईमेल करा, पण 'आंबेडकरांविषयी काय आहे' असं विचारू नका. ऑनलाइन सूची उघडा, तिथला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा, टिंब-रेघांसकट उतरवा आणि तो द्या. फाईल खुली आहे का, हे विचारा. हयात असू शकणाऱ्या माणसांच्या विद्यार्थी-फायली बऱ्याच ठिकाणी दाखवत नाहीत. आडनावाची तीन-चार स्पेलिंगं लिहून न्या. साहेबाच्या कारकुनानं 'भांडारकर' कसं ऐकलं असेल याचा भरवसा नाही. फोटो काढायची परवानगी आणि छापायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी, दोन्ही लेखी घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा, मार्गदर्शकांचं पत्र असलेलं बरं.

कागद वाचायच्या खोलीत पेन चालत नाही, शिसपेन्सिल लागते. फायलींची पेटी समोर आली की लगेच नाव शोधायला धावू नका. आधी फाईलचं वेष्टन बघा, कोपऱ्यातले शेरे बघा. 'पाहिलं', 'उत्तर पाठवलं' अशा बारीक अक्षरांवरून कागद कुठून कुठे फिरला ते कळतं. आणि प्रत्येक फोटोत पेटीच्या क्रमांकाची चिठ्ठी दिसू द्या. माझ्याकडे चारशे सुरेख फोटो आहेत, एकही कुठला आहे ते मला सांगता येत नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत लावायला बसतो, अजून अठ्ठावीसच लागलेत.