दिवा पुन्हा का लागत नाही?

नमस्कार, श्रोतेहो. वीज जाऊन परत आली, घरातले सगळे दिवे लागले आणि रात्रंदिवस चालू असणारा तेवढा लागला नाही, हा अनुभव आपल्याला नवा नसेल.

रावेर तालुक्यातील केळीच्या एका वखारीत असेच घडले. मृगाच्या तोंडावर आलेल्या वादळाने तारा तुटल्या, बागा आडव्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी वीज आली, तेव्हा कायम चालू असणाऱ्या बहुतेक ट्यूब लागल्याच नाहीत. वीज दाबाने आली म्हणून ट्यूब उडाल्या, असा मालकांचा ठाम समज झाला. वायरमन आले, त्यांनी स्टार्टर बदलले, तरी ट्यूबची टोके नुसती तांबूस होत राहिली. मग त्यांनी कार्यालयातील, संध्याकाळपुरती लागणारी ट्यूब काढून त्याच पट्टीत बसवली आणि ती चटकन लागली. चोक शाबूत होता, तारा शाबूत होत्या. काढलेल्या ट्यूबची काळी पडलेली टोके उजेडात दाखवत ते म्हणाले, "शेठ, ह्या वादळाआधीच संपल्या होत्या. तुम्ही कधी विझू दिल्या नाहीत, म्हणून कळलं नाही."

ट्यूबच्या टोकांतील तारेवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो आणि तो वापराने झिजतो. तापलेल्या ट्यूबमधील प्रकाश उरल्यासुरल्या लेपावर, शंभरेक व्होल्टमध्ये टिकून राहतो. गार ट्यूब पेटवण्यासाठी मात्र त्याच्या कित्येक पट दाब लागतो आणि झिजलेली टोके तिथे कमी पडतात. एलईडीच्या ड्रायव्हरमधील, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज करून देणाऱ्या भागातील, वीज साठवणारा कपॅसिटरही उष्णतेने सुकत जातो. गरम असेपर्यंत तो निभावून नेतो, गार झाल्यावर ड्रायव्हर सुरूच होत नाही. पुन्हा सांगतो, असा दिवा चालू राहू शकतो, पण सुरू होऊ शकत नाही.

वीज परत येताना दाब उसळून चांगला ड्रायव्हरही जळतो, हे खरे आहे; म्हणून वीज गेल्यावर बटणे बंद करावीत आणि ती आल्यावर पाचेक मिनिटांनी लावावीत. शिवाय जिन्यातले, गोदामातले, गोठ्यातले कायम चालू असणारे दिवे पावसाळ्यापूर्वी एखाद्या सकाळी मुद्दाम बंद करून पूर्ण गार होऊ द्यावेत आणि मग लावून पाहावेत. जो लागणार नाही, तो दुकान उघडे असताना बदलता येईल.